दोलगोरची वही

उलान-उदे, बाहेर उणे एकतीस.
दाराला आतल्या बाजूनं बर्फाची झालर,
टेबलावर एक कार्ड उताणं,
पंखे उतरवलेलं, पोट उघडं.

अर्सलान विचारतो, मावशी, हिरवं घेऊ की तांबडं?
वय सोळा. हातमोज्यात कोंबलेले
सहा महिन्यांचे रूबल.
घरात बाप एका रंगाचा, मामा दुसऱ्या.
परवा दोघांनी यावरूनच
रस्सा गार होऊ दिला म्हणे.

बस. चहा घे आधी, दूध-मिठाचा.

तांबडं मनगटाचं जाड.
रूबलला रूबल मोजून देतं.
पण त्याचा ड्रायव्हर.
ड्रायव्हर म्हणजे दुभाषा रे.
माझी आई दवाखान्यात बुर्यातमध्ये बोलायची,
मी डॉक्टरला रशियनमध्ये सांगायचे.
ती म्हणे, छातीवर घोडा बसलाय.
मी म्हणे, धाप लागते.
घोडा तिथेच राहायचा,
दोन भाषांच्या मधल्या बाकावर.
तसंच हे. खेळ रंगात आलेला,
कार्ड काही बोलतं, दुभाषा अडखळतो,
पडदा काळा.
पूर्वी फार व्हायचं. आता कमी.
पण बदनामी सावलीतल्या बर्फासारखी,
एप्रिल उलटला तरी कोपऱ्यात पडून असते.

हिरव्याचा दुभाषा गोडबोल्या.
सगळं निभावून नेतो.
फक्त एका मंगळवारी त्याची नवी आवृत्ती आली
आणि दुपारपर्यंत सात जण दारात.
सातही जणांना मी जुनीच परत बसवून दिली.
सातवा रडत होता. त्याचा प्रबंध होता आत.

आणि ताप म्हणशील
तर घरोघरी मातीच्या चुली.
दोघांचाही पारा चढतो.
मधला लेप वाळून पापुद्रा झाला
की रंग कुणी विचारत नाही.
हल्ली तर नाकापेक्षा मोती जड,
कार्डाच्या ओझ्यानं बोर्डच वाकतो.
मी खाली बुद्धिबळातलं प्यादं टेकू लावून देते.
माझ्या डब्यात आता फक्त राजे आणि उंट उरलेत.

हे टेबलावरचं आहे ना,
हे गॅरेजात तीन हिवाळे नाणी खणत होतं,
बारा भावंडांबरोबर, रात्रंदिवस.
मालकानं तिथेच कोंबड्या पाळल्या होत्या.
जानेवारीत अंडी द्यायच्या त्या,
या गड्याच्या श्वासावर.
आता विकताना तो म्हणतो, फारसं वापरलेलं नाही.

ही वही बघ. अकरा वर्षं.
डाव्या पानांवर हिरवी, उजव्या पानांवर तांबडी.
हो, डावी जास्त भरलीत.
लगेच मान डोलावू नकोस.
या शहरात हिरवी खपलीच जास्त,
जिथं गुरं जास्त तिथं खरूजही जास्त.
आणि मुख्य म्हणजे
माझ्याकडे फक्त आजारीच येतात.
सात वर्षं मुकाट चाललेलं कार्ड
कधी दार ढकलून आत आलं नाही,
बाई, मी बरं आहे, एवढं सांगायला.
तू वैद्याला विचारतोयस
गावात धडधाकट कोण.

तो गप्प. कपातली साय बोटानं बाजूला करतो.
मग, तुमच्यात कोणतं आहे?

वाक आणि बघ.
स्टिकर केव्हाच सुटून पडलंय.
वरच्या जाळीवर, गरम हवेच्या वाटेत,
उद्याच्या पावाची कणीक फुगतेय फडक्याखाली.
हातमोजा काढून त्यानं तळवा धरला,
बराच वेळ धरला,
आणि काही न घेताच गेला.

दुकान बंद करायच्या वेळी त्याचा बाप आला.
टोपीवरचं हिम झाडलं,
हवामानाबद्दल बोलला, डिझेलबद्दल बोलला,
मग आवाज खाली आणून म्हणाला,
मेव्हण्याचं कार्ड कधी आलं होतं का हो
तुमच्याकडे?

मी वही मिटली.
कणीक भांड्याबाहेर यायला लागली होती.